एका आडनावातला ड

माझे माहेरचे आडनाव डबीर. लग्नानंतर मी देशपांडे झाले आणि त्यालाही आता चाळीस वर्षे उलटून गेली; तरी आजही कोणी मागून 'डबीर' अशी हाक मारली, तर माझे पाऊल आपोआप थांबेल. तशी हाक आता क्वचितच येते. परभणीतल्या आमच्या गल्लीत देशपांड्यांची चार घरे आहेत आणि पत्र नेमके कोणाचे हे ठरवण्यासाठी पोस्टमनला दर वेळी पहिले नाव नीट वाचावे लागते. माझ्या लहानपणी अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात, आणि आमच्या माहितीतल्या आसपासच्या साऱ्या गावांत, डबीरांचे घर मात्र एकच होते. आडनाव सांगितले की समोरचा माणूस ते पुन्हा एकदा सांगायला लावी, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर बहुधा विचारी, "मूळचे कुठले म्हणायचे तुम्ही?" 'कर' लावून संपणारे आडनाव असते तर गावाचे नाव सांगून उत्तर देता आले असते. कुलकर्णी, जोशी, पाटील असते तर प्रश्नच आला नसता. डबीर या शब्दाशी ऐकायला जवळचा असा एकच शब्द साऱ्यांना ठाऊक असतो, तो म्हणजे डबा. आणि शाळेच्या पहिल्याच आठवड्यात तो माझ्या वाट्याला आला.

गुरुजींनी हजेरी घेताना नाव पुकारले, मागच्या रांगेतून कोणीतरी "डबा" म्हणाले, वर्ग हसला आणि गुरुजीही हसले. पुढे चौथीपर्यंत मी त्या वर्गात डबाच राहिले. एका दुपारी घरी येऊन मी आजोबांना सांगितले की मला मैत्रिणीसारखे कुलकर्णी आडनाव पाहिजे. आजोबांना आम्ही सारेजण अप्पा म्हणत असू. ते रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांनी खोलीतली लोखंडी ट्रंक उघडली, कापडात गुंडाळलेले एक पिवळे पडलेले कागदपत्र काढले आणि माझ्यासमोर जमिनीवर पसरले. ती त्यांच्या उर्दू शाळेची सनद होती. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या त्या ओळींतल्या एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी मला चार अक्षरे वाचून दाखवली : दाल, बे, ये, रे. "ही दाल आहे. हिच्या डोक्यावर छोटासा तोय काढला असता तर डाल झाली असती. इथे तो नाही. आपलं नाव दबीर. दबीर म्हणजे लिहिणारा." मग माझ्या दप्तराकडे पाहून ते म्हणाले, "ज्याच्याकडे दप्तर असतं तो."

अप्पा निजामाच्या अमलात तहसील कचेरीत अहलकार होते. अहलकार म्हणजे कारकून. त्यांचे शिक्षण उर्दूतून झाले होते, मोडी त्यांनी घरी वडिलांकडून गिरवली होती, आणि पोथी अर्थातच बाळबोधीत वाचत. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. कचेरीची भाषा बदलली तेव्हा अप्पा चाळिशीत होते. आयुष्यभर ज्या भाषेत टिपणे लिहिली ती बाजूला ठेवून त्यांनी नव्याने मराठी शेरे लिहायला सुरुवात केली, आणि त्या काळातल्या त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत : पहिल्या पानांवर अक्षर अवघडलेले, पुढे हळूहळू मोकळे होत गेलेले. त्याच सुमारास त्यांच्या सेवापुस्तकात आडनाव देवनागरीत लिहिले गेले आणि त्यात ड आला. अप्पांनी तो दुरुस्त करून घेतला नाही. घरात आणि गावात सगळे डबीरच म्हणत होते, मोडी कागदांतही डबीरच होते; द फक्त उर्दूत जिवंत होता.

त्या दुपारनंतर मला डबा म्हणणे थांबले असे नाही, पण त्या शब्दाचा काटा बोथट झाला. पुढे मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवू लागले, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत आणि निवृत्तीनंतरही, हा एक शब्द जिथे जिथे भेटेल तिथे तिथे मी टिपून ठेवत आले आहे. या लेखात मांडायचे आहे ते त्या टिपणांमधले.

दबीर हे फारसी दरबारातले पद. राजाची पत्रे लिहिणारा, परराज्यांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराची भाषा सांभाळणारा, आलेल्या पत्रातला न लिहिलेला अर्थ ओळखणारा तो दबीर. बाराव्या शतकातल्या एका फारसी ग्रंथात राजाजवळ कोणती चार माणसे असलीच पाहिजेत हे सांगितले आहे : दबीर, कवी, ज्योतिषी आणि वैद्य. या चौघांत दबीराचा क्रम पहिला आहे. आपल्याकडे यादवांच्या काळात राज्याच्या लेखनविभागाच्या प्रमुखाला श्रीकरणाधिप म्हणत, आणि देवगिरीच्या दरबारातला हेमाद्री, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला हेमाडपंत, हा श्रीकरणाधिप होता. यादवांचे राज्य गेले, १३२७ मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीला राजधानी नेऊन तिचे दौलताबाद केले, १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, आणि लेखनाचे काम तेच राहून त्याचे शब्द फारसी झाले. कागद, कलम, दौत, दप्तर, शाई, हे सारे शब्द फारसीच्या वाटेने आले आणि इतके घरचे झाले की मुलांना श्रुतलेखन घालताना आपण परके शब्द उच्चारतो आहोत असे मला कधी वाटले नाही. कागदाचे म्हणाल तर दौलताबादच्या कुशीतले कागजीपुरा हे गाव त्या उद्योगाच्या नावानेच ओळखले जाते, आणि जुन्या मराठी दप्तरांत दौलताबादी कागदाचा मोठा लौकिक होता. वेरूळच्या वाटेवर या गावाची पाटी दिसली की मी अजूनही खिडकीतून वळून बघते. ज्या कागदावर माझ्या आडनावाचे लोक लिहीत बसले असतील तो इथल्या पाण्यात भिजलेल्या लगद्यातून उचलला गेला असेल, एवढाच विचार मनात असतो.

लेखनाच्या या पदावर केवढे ओझे होते हे समजण्यासाठी मला नेहमी बिदर आठवते. उदगीरहून बिदर फार लांब नाही, आणि आम्ही शाळेची सहल तिथल्या महमूद गवानच्या मदरशापर्यंत दोनदा नेली होती. १४७२ मध्ये बांधलेल्या त्या इमारतीच्या निळ्या-हिरव्या फरशा आता मोजक्याच उरल्या आहेत. गवान हा बहमनी राज्याचा वजीर, इराणातून आलेला, स्वतः उत्तम पत्रलेखक आणि पत्रलेखनाच्या कलेवर ग्रंथ लिहिणारा विद्वान. त्याच्या शत्रूंनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवले, कोऱ्या कागदावर गवानचा शिक्का उठवून घेतला आणि त्या कागदावर राजद्रोहाचा मजकूर लिहून तो सुलतानापुढे ठेवला. शिक्का खरा, मजकूर खोटा. १४८१ मध्ये सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. पत्र कसे लिहावे हे ज्याने जगाला शिकवले तो न लिहिलेल्या पत्रापायी गेला. मदरशाच्या सावलीत मुलांना ही हकिकत सांगताना माझा आवाज दोन्ही वेळा थांबला होता.

मराठी राज्यात हे पद बहमनी आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या परंपरेतून आले. भोसले घराणे वेरूळचे, म्हणजे मराठवाड्याचेच. मालोजी आणि शहाजी निजामशाहीच्या चाकरीत वाढले, तेव्हा तिथल्या कारभाराची पदनामे त्यांच्याबरोबर आली यात नवल नाही. शहाजीराजांनी बाल शिवाजीला बंगळूरहून पुण्याला पाठवताना जी माणसे बरोबर दिली त्यांची नावे सभासदाच्या बखरीत आहेत : शामराव निळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस. तिथे पहिल्यांदा मला माझे आडनाव छापील अक्षरांत, ड सकट, भेटले. सोनोपंतांविषयी पुढे वाचलेली एक गोष्ट मला फार हलवून गेली. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वर येथे शिवाजी महाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला केली, आणि त्याच वेळी वृद्ध सोनोपंतांचीही केली. मातेच्या बरोबरीने ज्याला तोलावे, असा तो लिहिणारा माणूस होता. त्यांचे पुत्र त्र्यंबक सोनदेव महाराजांबरोबर आग्र्याला गेले. १६६६ मध्ये महाराज निसटल्यानंतर ते आणि रघुनाथ बल्लाळ कोरडे हे पकडले गेले आणि त्यांचा तिथे छळ झाला.

गावी कोणी कौतुकाने आम्हाला सोनोपंतांचे वंशज म्हणू लागले की अप्पा तिथल्या तिथे थांबवीत. डबीर हे पद होते. ज्या ज्या दरबारात ते होते त्या त्या दरबारातून ते आडनाव म्हणून उतरू शकले. नाव जुळले म्हणून रक्त जुळत नाही, असे ते म्हणत, आणि कागद हातात असल्याशिवाय विधान करायचे नाही ही त्यांची कचेरीतली सवय घरातही सुटली नव्हती.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची फारसी नावे बदलून संस्कृत ठेवण्यात आली. पेशवे मुख्य प्रधान झाले, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, सरनोबत सेनापती, आणि डबीर सुमंत झाले. त्या वेळी या पदावर रामचंद्र त्रिंबक होते. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश त्याच विचारातून तयार झाला. राज्य स्वतःचे तर त्याची भाषाही स्वतःची असावी, या आग्रहाबद्दल माझ्या मनात केवळ आदर आहे. कचेरीची भाषा रातोरात बदलली की माणसाचे काय होते आणि ती आपल्या भाषेत आली की काय होते, या दोन्ही गोष्टी मी अप्पांच्या वह्यांत पाहिल्या आहेत. परंतु पदांची नावे हुकमाने बदलली तशी माणसांची आडनावे बदलली नाहीत. आज महाराष्ट्रात सुमंत आडनावाचे लोकही आहेत आणि डबीर आडनावाचेही. एकाच आसनाची ही दोन नावे दोन वेगळ्या घरांच्या दारांवर लागलेली आहेत.

आता त्या ड विषयी. लहानपणी अप्पांची सनद पाहिल्यावर कित्येक वर्षे माझी अशी समजूत होती की द खरा आणि ड हा अडाणीपणा. शिकवायला लागल्यावर ती समजूत हळूहळू गळून पडली. मराठीने फारसी पदनामे घेतली ती जशीच्या तशी ठेवली नाहीत, स्वतःच्या जिभेवर घासून घेतली. 'नवीस' म्हणजे लिहिणारा, त्याचा 'नीस' झाला, आणि मग एक अख्खे कुळ उभे राहिले. वाकिया म्हणजे घडलेली गोष्ट, ती लिहिणारा वाकनीस. फारसी लिहिणारा पारसनीस; या आडनावात परीस शोधणारी माणसे मला भेटली आहेत, पण तिथे आहे ती फारसी भाषा. जमेचा हिशेब लिहिणारा जमेनीस. चिटणीसात चिठी आपल्याकडची आणि नीस इराणचा. फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा कागद, तो लिहिणारा फर्दनवीस, त्याचा झाला फडणीस. इथे 'र्द' चा 'ड' झाला आहे आणि त्याबद्दल कोणी कधी फडणीसांना अडाणी म्हटलेले नाही. फोतेदाराचा पोतदार झाला, मजमूदाराचा मुजुमदार झाला. या साऱ्यांच्या रांगेत दबीराचा डबीर उभा केला की तो एकटा चुकलेला वाटत नाही. द हा त्या शब्दाचा प्रवासातला वेश आहे, ड हा त्याने इथे घर केल्याचा पुरावा आहे, आणि म्हणून माझा ओढा ड कडे आहे.

याहून खोल एक गोष्ट मला फार उशिरा, निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना समजली, आणि तेव्हापासून तिने माझा पिच्छा सोडलेला नाही. आजच्या इराकच्या दक्षिण भागात सुमेर ही प्राचीन संस्कृती होती. तिथे ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने टोचून लिहीत, आणि त्या मातीच्या पाटीला 'दुब' म्हणत. सुमेरी भाषा मावळली, पण तो शब्द शेजारच्या अक्कादी भाषेने 'टुप्पु' असा उचलला, तिच्याकडून तो एलामी भाषेत गेला, आणि एलामीकडून प्राचीन इराणी भाषेत 'दिपि' होऊन पोहोचला. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस दारयवहु राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर आपला प्रचंड लेख खोदवला, त्यात त्या लेखासाठी 'दिपि' हाच शब्द आहे. दिपि लिहिणारा तो पुढच्या काळातल्या इराणी भाषेत 'दिबीर', आणि दिबीराचा दबीर.

त्याच 'दिपि' ची एक फांदी भारतात फार आधी आली. अशोकाचे शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील, म्हणजे वायव्येकडचे, लेख स्वतःला 'ध्रमदिपि' म्हणवतात. इकडे गिरनारला तोच शब्द 'धंमलिपी' होतो. द चा ल झाला आणि आपल्याला लिपी हा शब्द मिळाला. पाणिनीला तो 'लिपि' आणि 'लिबि' अशा दोन्ही रूपांत ठाऊक होता. भाषेच्या अभ्यासकांचे हे म्हणणे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले. तीस वर्षे मी फळ्यावर 'देवनागरी लिपी' असे लिहीत होते आणि माझ्या माहेरच्या आडनावाची सख्खी बहीण रोज माझ्याच हातून लिहिली जात होती.

हा शब्द दक्षिणेत कधी पोहोचला याचीही एक देखणी खूण आहे. कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरी येथे अशोकाचा लेख आहे. सारा लेख ब्राह्मीत, डावीकडून उजवीकडे जाणारा. शेवटी लेखकाने आपले नाव सांगितले आहे : हे चपडाने लिहिले. आणि त्यापुढचा 'लिपिकरेण' हा एकच शब्द त्याने खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडे लिहिला आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, दक्षिणेत ती वाचणारा कोणी नसणार. तरीही आपला पेशा सांगताना त्या माणसाने आपल्या घरची लिपी वापरली. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा तो लिहिणारा आणि ट्रंकेतून उर्दू सनद काढून नातीला उजवीकडून डावीकडे नाव वाचून दाखवणारे अप्पा, हे दोघे माझ्या मनात आता शेजारी शेजारी बसलेले असतात.

संस्कृतातही 'दिविर' या रूपाने हा शब्द एकदा येऊन गेला होता. गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत 'दिविरपति' हा अधिकारी भेटतो, आणि काश्मीरच्या इतिहासात दिविर हे कारकून म्हणून भेटतात. तात्पर्य इतकेच की मुसलमानी अमलाच्या कितीतरी आधी आपण हा शब्द एकदा घेतला होता, विसरलो होतो, आणि मग दुसऱ्या दाराने तो पुन्हा आत आला. परका शब्द कोणता आणि आपला कोणता, याचा निकाल घाईने देणाऱ्यांना मी या शब्दाची हकिकत सांगत असते.

हे आडनाव इतके विरळ का, याचे उत्तर त्या कामातच आहे असे मला वाटते. कुलकर्णी गावोगावी लागे, कारण प्रत्येक गावाच्या जमिनीचा आणि वसुलाचा लेखाजोखा कोणीतरी ठेवावा लागे. देशपांडे परगण्याला लागे. जोशी पंचांग सांगण्यासाठी प्रत्येक गावाला हवा. ही वतने पिढीजात होती, भावाभावांत वाटली जात होती, आणि प्रत्येक वाटणीबरोबर आडनावाचे घर वाढत होते. दबीर मात्र एका दरबाराला एक. शिवाय तो दरबाराच्या मर्जीतला. दरबार मोडला की पद संपले. पद गेल्यावरही नाव टिकणे ही तर आपल्याकडची सर्रास गोष्ट आहे. हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी १९४९ मध्ये खालसा झाल्या, आणि जहागीरदार हे आडनाव मराठवाड्यात आजही घरोघर आहे. ते हिंदूंचे आहे, मुसलमानांचेही आहे. इनामदार, देशमुख, पाटील यांचेही तसेच. कामावरून पडलेल्या आडनावाला धर्म विचारून फार काही हाती लागत नाही. दबीराचे म्हणाल तर उर्दू जाणणाऱ्यांना हे नाव ऐकताच लखनौचे मर्सियाकार, म्हणजे शोककाव्ये रचणारे, मिर्झा दबीर आठवतात. १८०३ ते १८७५ हा त्यांचा काळ. सलामत अली हे त्यांचे नाव आणि दबीर हे कवी म्हणून घेतलेले टोपणनाव. मीर अनीस यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते आणि मोहरममध्ये त्यांचे मर्सिये अजून वाचले जातात. अप्पा त्यांच्या ओळी म्हणत असत. मला मात्र एकही पाठ राहिली नाही, याची खंत आहे.

आमच्या शाळेत उर्दूचे एक सर होते. मधल्या सुट्टीत मी त्यांना माझे माहेरचे नाव सांगितले तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "बाई, आज इराणात दबीर कोणाला म्हणतात, तुम्हाला माहीत आहे?" मी नाही म्हणाले. त्यांनी सांगितले की तिथे संस्थेच्या सचिवाला दबीर म्हणतातच, संयुक्त राष्ट्रांचा महासचिव तो दबीर-ए-कुल. परंतु रोजच्या बोलण्यात माध्यमिक शाळेच्या शिक्षकालाही दबीर म्हणतात, आणि माध्यमिक शाळेला दबीरिस्तान. प्राथमिक शाळा ती दबिस्तान. हे सांगून त्यांनी घंटा झाली म्हणून खडू उचलला आणि ते आपल्या वर्गावर गेले. मी मात्र तशीच उभी राहिले. लग्नाच्या दिवशी मी जे नाव पाठीमागे ठेवून आले होते, ते इतकी वर्षे हजेरीपट घेऊन रोज सकाळी माझ्याबरोबर शाळेत येत होते. आणि सासरचे नाव तरी वेगळे कुठे होते? परगण्याचे दप्तर लिहिणारा तो देशपांडे. एका लिहिणाऱ्याच्या घरातून मी दुसऱ्या लिहिणाऱ्याच्या घरात आले होते, फक्त पहिले घर दरबारातले आणि दुसरे रानशिवारातले.

आडनावातल्या एका अक्षराने काय होते, हे अलीकडे मराठवाड्यात साऱ्यांनाच उमगले आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू केले, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद पुन्हा उजेडात आले आणि ते वाचू शकणाऱ्या माणसांना मागणी आली. सेतवार, खासरा, मुंतखब हे जुन्या महसुली नोंदींचे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. त्या दिवसांत आमच्या ओळखीतली काही कुटुंबे आपापली जुनी कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येत. अप्पांनी शिकवलेली मोडी मला अजून बऱ्यापैकी लागते. एकाच घराण्याचे आडनाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले मी पाहिले, आणि त्यापायी म्हातारी माणसे हवालदिल झालेली पाहिली. उर्दू लिहिणाऱ्याने कानाला लागले तसे लिहिले, मोडी लिहिणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घाचा भेद केलाच नाही, आणि संगणकावर नाव चढवणाऱ्याने घाईत आणखी वेगळे केले. माझ्या भावाच्या एका कार्डावर आमचे आडनाव 'दाबिर' असे छापून आले होते. ते बदलून घेण्यासाठी तो तीन वेळा खेपा घालून आला. लिहिणाऱ्याची चूक लिहिणाऱ्याला कधी भोगावी लागत नाही, ती ज्याचे नाव असते त्याला भोगावी लागते. अप्पा प्रत्येक नाव लिहिण्याआधी समोरच्या माणसाला दोनदा विचारीत, आणि लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवीत. त्याला वाचता येत नसेल तर बोटाने एकेक अक्षर दाखवून सांगत. त्यामुळे कचेरीत त्यांचे काम सावकाश होते असा त्यांच्यावर ठपका होता.

वडील गेले त्या वर्षी भाऊ आणि मी अस्थी घेऊन नाशिकला गेलो. आमच्या घराचे तीर्थोपाध्याय कोण हे भावाला गावाच्या नावावरून शोधावे लागले, पण सापडले. रामकुंडावरचे सारे झाल्यावर गुरुजींनी गाव विचारले, आडनाव विचारले, आणि ते ऐकून, कित्येक वर्षांनी प्रथमच, कोणी मला ते पुन्हा सांगायला लावले नाही. त्यांनी आतून लाल कापडातली एक लांबट वही आणली आणि उभी धरून पाने उलटली. आमचे पान जवळजवळ कोरेच होते. मोठ्या घराण्यांची जिथे पानेच्या पाने भरलेली असतात, तिथे आमची नावे अर्ध्या पानात मावली होती. सर्वांत वर मोडीत तीन नोंदी, त्याखाली अप्पांच्या हातची नोंद. ती अप्पांनी स्वतः लिहिली होती हे मी लांबून ओळखले, कारण त्यांच्या ब ची गाठ मी इतर कुठे पाहिलेली नाही. आपल्या आईच्या अस्थी घेऊन ते आले होते, त्या दिवसाची मिती होती. ट्रंकेतल्या सनदेवर ज्याची दाल त्यांनी मला दाखवली होती, ते आडनाव इथे त्यांनी मोडीत, डबीर असे लिहिले होते.

भावाने वडिलांची नोंद केली, आपले नाव लिहिले, मुलांची नावे लिहिली. पानावर लेकींची नावे नव्हती; आत्यांची नव्हती, त्यांच्याही आधीच्या कोणाची नव्हती. भावाने पेन माझ्यापुढे केले. मी गुरुजींकडे पाहिले. ते म्हणाले, "लिहा ना ताई, जागा पुष्कळ आहे." मी माझे नाव लिहिले, वडिलांचे लिहिले, आणि आडनावापाशी क्षणभर हात थांबला. मग ड काढला, त्याची शेपटी अप्पांच्या ड सारखी जरा लांबवली, आणि पुढचे पुरे केले. गुरुजींनी वही आपल्याकडे फिरवून घेतली, मी लिहिलेले मोठ्याने वाचले आणि विचारले, "बरोबर वाचलं ना?"